गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे



गेल्या बुधवारी कार्यक्रम संपला आणि एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "करोनात मॉलच्या दारात कपाळावर ते पिस्तूल धरायचे, ते कुठं गेलं हो आता? त्याचा काही उपयोग तरी होता का?" स्टुडिओत आम्ही सगळ्याच हसलो. मग लक्षात आलं की आमच्यातल्या कुणालाच याचं नीट उत्तर माहीत नाही. ते पिस्तूल, दुकानापुढचे चुन्याचे गोल, जमिनीवरचे बाण, गल्ल्यापुढची काच, पाळीपाळीनं आत सोडणं, हे सगळं आपण केलं, सोसलं आणि दोन-तीन वर्षांत विसरूनही गेलो. म्हणून आजचा भाग दुकानाबद्दल. साथ आली की दुकान कसं बदलतं आणि गिऱ्हाईक कसं बदलतं, याची ही गोष्ट. बचत गटातल्या आपण बाया गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतो, कधी पिशवी घेऊन, तर कधी तराजू घेऊन. तेव्हा दोन्हीकडून बघू.

सुरुवात सुपरमार्केटपासूनच करू. या दुकानाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे, गिऱ्हाइकानं माल स्वतःच्या हातानं उचलायचा. आज त्यात नवल वाटत नाही. पण त्याआधी किराणा घ्यायचा म्हणजे यादी द्यायची, दुकानदार किंवा त्याचा नोकर माल काढून, तोलून, पुडे बांधून देणार, आपण गल्ल्याच्या अलीकडे उभं राहायचं. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थानं 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. नाव ऐकून हसू येतं, पण कल्पना पक्की होती. दारात फिरतं फाटक, हातात टोपली, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी. एका बाजूनं आत शिरायचं, सगळ्या फळ्यांपुढून फिरायचं आणि शेवटी पैसे भरून बाहेर पडायचं. नोकर कमी लागले, माल स्वस्त देता आला. पुढं १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या दुकानात चाकाची ढकलगाडी आणली. लोक आधी ती धरायलाच तयार होईनात. मग त्यांनी पगार देऊन माणसं ठेवली, दुकानात नुसती गाडी ढकलत फिरायला! ती बघून बाकीचे शिकले.

आता विचार करा. सगळ्यांनी एका छपराखाली यायचं, मालाला हात लावायचा, एकच गाडी दिवसभरात कितीतरी जणांनी धरायची आणि शेवटी एकामागं एक रांगेत उभं राहायचं. ज्यावर हे दुकान उभं आहे, त्याचीच २०२० साली सगळ्यांना भीती वाटायला लागली.

अर्थात, साथीत देवघेव कशी करायची हा प्रश्न सुपरमार्केटच्या फार आधीचा आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगरात इयम नावाचं गाव आहे. १६६५ साली लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापड आलं आणि त्यातून पिसवा आल्या, असं सांगतात. गावात प्लेग शिरला. विल्यम माँपेसन हे तिथले धर्मगुरू. त्यांच्या सांगण्यावरून गावानं स्वतःला कोंडून घेतलं, म्हणजे आतला बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. पण खायचं काय? वेशीवर एक मोठा दगड आहे, त्याला खळगे पाडलेले आहेत. शेजारच्या गावचे लोक तिथं धान्य ठेवून जायचे आणि इयमचे लोक त्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकून ठेवायचे. व्हिनेगरनं रोग धुतला जातो, अशी समजूत होती. त्या वर्षभराच्या साथीत गावातली सुमारे २६० माणसं गेली. तो दगड अजून आहे, लोक बघायला जातात. सॅनिटायझरची बाटली आणि मोबाइलवरून पैसे, दोन्हींचा जुना अवतार त्या एका दगडात दिसतो.

आपल्याकडचा प्लेग तर थेट धान्याशीच बांधलेला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. धान्य तिथं उंदीर, उंदीर तिथं पिसू. पण हे साखळीचं ज्ञान तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि पुण्यात तो सोजिरांकरवी राबवला. सैनिक घरात शिरायचे, सामान बाहेर फेकायचे, बायकांचीही तपासणी करायचे. लोकांनी रोगी लपवले, प्रेतं लपवली. त्याच वेळी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेल्या मुलाकडून, यशवंतकडून, गावाबाहेर दवाखाना सुरू करवला होता. त्या स्वतः रोगी आणायच्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी लपवून ठेवणारी आणि रोगी घेऊन येणारी माणसं एकाच शहरातली होती. कोण दारात आलं, त्यावर सगळं अवलंबून होतं.

हा १८९७ चा कायदा लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं करोनासाठी हाच कायदा लागू केला.

मधे १९१८ ची फ्लूची साथ येऊन गेली. आपल्या देशात त्यात किमान १ कोटी २० लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. काही अभ्यासक त्याहून मोठा आकडा सांगतात. त्या साथीतली दुकानांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कचे आरोग्य अधिकारी रॉयल कोपलँड यांनी ऑक्टोबर १९१८ मध्ये दुकानं, कारखाने, कचेऱ्या, नाटकगृहं यांच्या उघडण्याच्या आणि मिटण्याच्या वेळा वेगवेगळ्या लावून दिल्या. सगळे एकाच वेळी गाडीत कोंबले जाऊ नयेत, एवढाच हेतू. दुकान बंद करण्याऐवजी वेळ वाटून दिली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोनं मास्कची सक्ती केली आणि न लावणाऱ्यांना दंड, प्रसंगी तुरुंग. काही महिन्यांत तिथं मास्कच्या विरोधात संघटनाही उभी राहिली. म्हणजे 'आम्ही नाही लावणार' हेही काही नवं नव्हतं.

आता २०२०. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरची साथ जाहीर केली. त्याआधीच ऑस्ट्रेलियात दुकानांच्या फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या, आणि कशाच्या? तर संडासात वापरायच्या कागदाच्या! डार्विन शहरातल्या एका वर्तमानपत्रानं आठ कोरी पानं जादा छापली, अडल्या-नडल्याला उपयोगी पडतील म्हणून. आपल्याकडे तांब्याभर पाण्यात भागतं, त्यामुळं आपण हसलो. पण २४ मार्चच्या रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि तासाभरात आपल्याही तालुक्याच्या गावी किराणा दुकानांपुढं काय गर्दी उसळली होती! अंतर ठेवायला सांगणारी घोषणा, आणि तिच्यामुळंच त्या वर्षातली सगळ्यात दाटीची रात्र. तेल, साखर, चहापूड. आमच्यातल्याही काही जणी त्या गर्दीत होत्या, खोटं कशाला बोला.

या गर्दीला सगळे 'साठेबाजी' म्हणाले. ब्रिटनमध्ये खरेदीच्या नोंदी तपासल्या तेव्हा वेगळंच दिसलं. गाडीभर माल उचलणारी माणसं थोडी होती. बाकीच्यांनी नेहमीपेक्षा एखाद-दोन वस्तू जास्त घेतल्या आणि नेहमीपेक्षा एखादी खेप जास्त केली. पण सुपरमार्केट फार साठा ठेवत नाही, रोज येणाऱ्या गाडीवर त्याचा कारभार चालतो. प्रत्येकीनं एक पाकीट जास्त उचललं की संध्याकाळी फळी रिकामी. त्याच दिवसांत तिथल्या अतिदक्षता विभागातली एक परिचारिका ४८ तासांची पाळी संपवून दुकानात गेली, तिला भाजी-फळं काहीच मिळालं नाही. मोटारीत बसून ती रडत बोलली, ते चित्रण देशभर पाहिलं गेलं.

मग दुकानांनी नियम केले. एका गिऱ्हाइकाला एवढीच पाकिटं. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या साखळीनं १७ मार्चपासून सकाळी सातचा तास म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी राखून ठेवला. ब्रिटनमधल्या दुकानांनीही तसंच केलं आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही वेगळी वेळ दिली. न्यूयॉर्कच्या १९१८ च्या युक्तीचीच ही नात म्हणायची. अमेरिकेत वॉलमार्टनं एप्रिलपासून १,००० चौरस फुटांना ५ गिऱ्हाइकं, असं माप लावलं. बाकीच्यांनी बाहेर, एक बाहेर पडला की एक आत. आतल्या गल्ल्यांमध्ये एकेरी वाहतूक झाली, जमिनीवर बाण आले. हळद विसरली म्हणून मागं वळायचं नाही, पूर्ण फेरा घालून यायचं. बिल करणारीपुढं पारदर्शक पडदे लागले.

आपल्याकडे तेच, पण चुन्यानं. दुकानापुढं दोन-दोन हातांवर गोल काढले. सुरुवातीला त्या गोलात माणसांऐवजी पिशव्या, चपला, दगड उभे असायचे आणि त्यांचे मालक पलीकडे झाडाखाली गप्पा मारत एकत्र बसलेले! आम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय. शहरात मोठ्या दुकानांपुढं दोन-दोन तासांची रांग. आणि किराणा दुकानदाराला व्हॉट्सॲपवर यादी पाठवायची, तो पुडे बांधून ठेवणार, आपण दारातून उचलायचं. शंभर वर्षांपूर्वी पिगली विगलीनं मोडलेली रीत अशी परत आली. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही तर आयुष्यभर असंच आणलं. हातात धरून माल बघायची चैन तुमचीच."

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. बोस्टन शहरातल्या एका किराणा दुकानात मे २०२० मध्ये १०४ कामगारांची तपासणी झाली. दर पाचांत एकाला करोना निघाला. त्या लागण झालेल्यांपैकी चारांत तिघांना ताप नाही, खोकला नाही, काहीच लक्षण नाही. दारातल्या पिस्तुलानं त्यांना काय पकडलं असतं? ताप असलेला माणूस त्या यंत्रानं अडतो, एवढा उपयोग खराच. पण ज्यांच्याकडून रोग गुपचूप पसरत होता, ते त्याच्यापुढून हसत आत जात होते.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली आणि आम्हाला ती पिस्तुलापेक्षा मोठी वाटते. ज्या कामगारांचा गिऱ्हाइकांशी समोरासमोर संबंध येत होता, त्यांना लागण झालेली असण्याची शक्यता बाकीच्या कामगारांच्या पाचपट होती. आपण गिऱ्हाईक म्हणून दहा मिनिटं आत असतो आणि घाबरतो. बिल करणारी मुलगी तिथं आठ तास असते. नियम मोडणाऱ्याला टोकायचं तेही तिनंच. १ मे २०२० रोजी मिशिगन राज्यात फ्लिंट इथं एका दुकानाच्या पहारेकऱ्यानं मास्कचा नियम पाळायला सांगितला म्हणून त्याला गोळी घालून मारलं. तिथल्या क्रोगर या मोठ्या साखळीनं कामगारांना 'वीर' म्हणत तासाला २ डॉलर जादा द्यायला सुरुवात केली होती, तेही मे महिन्याच्या मध्यात थांबवलं. साथ तेव्हा कुठं संपली होती? कौतुकाचा शब्द तेवढा राहिला. आपल्याकडे आशाताईंना निदान ५० लाखांचं विमा कवच कागदावर तरी मिळालं. रेशन दुकानदार तसंच मागत होते.

आणि आपण इकडे काय करत होतो? कोथिंबीर सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो. दुधाच्या पिशव्या साबणानं घासत होतो. बिस्किटाचे पुडे उन्हात वाळत घालत होतो, नोटांना इस्त्री करत होतो. आता हसा, पण तेव्हा कुणालाच पुरतं माहीत नव्हतं. पुढं समजलं की हा रोग मुख्यतः माणसाच्या श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की रोगाचा अंश असलेल्या वस्तूला हात लावून लागण होण्याचा धोका साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे पुडे धुण्यात गेलेल्या वेळेपेक्षा दुकानाची खिडकी उघडणं आणि मास्क नाकावर ठेवणं जास्त कामाचं होतं. हात धुण्याची सवय मात्र लागली ती चांगलीच, पोटाच्या इतर दुखण्यांवर ती कामी येतेच.

हे हवेचं कळलं, तेव्हा आमच्या मनात एक सल उठला, तो आज बोलून टाकतो. टाळेबंदीत किराणा आणि सुपरमार्केट जीवनावश्यक म्हणून उघडी राहिली. आपला आठवडे बाजार मात्र बंद. चार भिंती, वातानुकूलन, बंद दारं असलेलं दुकान चालू. आणि उघड्या आभाळाखाली बसणारी भाजीवाली घरी. तिच्या मेथीच्या जुड्या दारात पिवळ्या पडल्या. आमच्या गटातल्या दोघी डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीतून फिरल्या, त्यातली एक म्हणते, "निम्मी भाजी म्हशीनं खाल्ली, निम्मी उधारीवर गेली." त्या वर्षी गटाच्या हप्त्यांच्या वहीत लाल शाईच्या खुणा किती झाल्या, ते आम्हीच जाणतो.

बाजार बंद करणाऱ्यांची भीती मात्र खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. चेन्नईचा कोयंबेडू बाजार बघा. भाजी, फळं, फुलं यांचा तो प्रचंड घाऊक बाजार. एप्रिलच्या शेवटी तिथून साथ पसरली आणि मे २०२० च्या सुरुवातीला तो बंद करून भाजीचा व्यापार शहराबाहेर तिरुमळीसै इथं मोकळ्या जागेत न्यावा लागला. हमाल, अडते, ट्रकवाले, विक्रेते यांच्यामार्फत रोग तमिळनाडूच्या कितीतरी जिल्ह्यांत गेला. गर्दी ती गर्दीच, छप्पर असो नसो.

पण बंद आणि दाटी या दोन टोकांच्या मधे तिसरी वाट होती. म्यानमारमध्ये शान राज्यात कलॉ नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथं एप्रिल २०२० मध्ये बाजार रस्त्यावर आणला, जमिनीवर चौकटी आखल्या आणि प्रत्येक विक्रेतीला एकेक चौकट दिली. दोघींच्या मधे मोकळी जागा. त्याचं छायाचित्र जगभर फिरलं. इकडे तमिळनाडूत बसस्थानकं रिकामी पडली होती, तिथं भाजीबाजार बसवले. आपल्याकडेही काही शहरांनी शाळांची पटांगणं दिली. खर्च किती? चुना आणि एक माणूस. जिथं बाजार बंदच ठेवला, तिथं बायकांना कुणी विचारलंच नाही, 'तुम्ही लांब लांब बसाल का?' बसल्या असत्या.

काहींनी वाट स्वतः काढली. शेतकऱ्यांच्या गटांनी भाजीच्या पेट्या भरून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोचवल्या. आणि मास्क! आपल्या शिलाई मशीन्स तेव्हा रात्री अकरापर्यंत चालायच्या. देशातल्या २७ राज्यांमधल्या सुमारे २०,००० बचत गटांनी एप्रिल २०२० पर्यंत १ कोटी ९० लाखांहून जास्त मास्क शिवले होते, असं जागतिक बँकेनं नोंदवलंय. ज्या मोठ्या दुकानांच्या दारात 'मास्कशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी होती, तिथं आत जाणाऱ्या कितीतरी तोंडांवर गावच्या बाईनं शिवलेलं कापड होतं. तिचा स्वतःचा बाजार मात्र अजून उघडायचा होता.

शेवटी आमच्या शेजारच्या गावातलं रेशन दुकान. ते एक महिला गट चालवतो. एप्रिलपासून माणशी ५ किलो जादा धान्य मोफत सुरू झालं आणि महिन्यातून दोनदा रांगा लागायला लागल्या. अंगठा लावायची सक्ती काही काळ उठवली होती, कारण सगळ्या गावानं एकाच काचेवर बोट टेकवायचं म्हणजे काय? गटातल्या बायांनी वाडीवार दिवस ठरवले. सकाळी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, दुपारी बाकीचे. न्यूयॉर्कचे कोपलँडसाहेब त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. खताच्या गोणीतला जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद धुऊन त्यांनी दारात टांगला आणि कंबरेच्या उंचीवर एक चौकोन कापला, पिशवी सरकवायला. तोलणारीची पाळी दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे एकीच्याच वाट्याला सगळ्या गावाचा श्वास नको.

परवा आम्ही तिथं गेलो तेव्हा तो कागद अजून टांगलेला होता. पिवळा पडलाय, कडेला फाटलाय. विचारलं, काढला का नाही? तोलणाऱ्या ताई म्हणाल्या, "राहू दे की. गव्हाची धूळ गल्ल्यावर येत नाही. आणि पिशवी त्या भोकातून दिली की रांग आपोआप एकेरी होते, काय बोलावं लागत नाही."

ज्यांच्याकडे त्या काळातल्या दुकानाच्या, बाजाराच्या आठवणी असतील, त्यांनी केंद्रावर येऊन सांगा, आपण ध्वनिमुद्रण करून ठेवू. गटाच्या त्या वर्षाच्या हप्त्याच्या वह्याही आणा, लाल खुणांसकट. नमस्कार.